बोरदरीची खिडकी

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
२ जुलै २०२५

ताई,

साष्टांग नमस्कार घातला असं समज, माझ्या खोलीत तेवढी जागा नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं विचारू नकोस. फोनवर तू “हं, बरं, ठीक” याच्या पुढे जात नाहीस, कारण तुझ्या सासूबाई, आत्याबाई, शेजारी बसून तांदूळ निवडत असतात. तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पत्र टाकलं की माझी खरी ताई चार पानं बोलते. म्हणून तिकिटाचा खर्च.

बातमी अशी की नोकरी पक्की झाली. गावोगावच्या पाणीयोजनांच्या विहिरी आमच्या कंपनीकडे आहेत. प्रत्येक विहिरीवर एक पेटी बसवलेली आहे आणि मी इथे खुर्चीत बसून त्या पेट्यांशी बोलतो. हसू नकोस, खरंच बोलतो. त्यासाठी एक इवलासा प्रोग्राम आहे. दुसरी सॉफ्टवेअर बसवायला अर्धा दिवस जातो, हा बापडा एकाच फाईलचा. पेनड्राइव्हवरून उचलायचा, टिचकी मारायची, की काळी खिडकी उघडते. चित्र नाही, बटन नाही, नुसती पांढरी अक्षरं आणि एक लुकलुकणारा ठिपका. विहिरीचं नाव निवडलं की तिथली पेटी हजर. मी इथे हुकूम टाइप केला की तिथे मोटार सुरू होते. ऑफिसात याला टर्मिनल म्हणतात, मी मनातल्या मनात ‘काळी खिडकी’ म्हणतो.

तुमच्या बोरदरीची विहीरही माझ्याकडेच आली आहे. सकाळी चहाच्या आधी मी पहिली तीच उघडतो. कुणी सांगितलेलं नाही, काम तर काहीच नसतं. पाणी किती आहे तेवढं बघतो, आज ताईचा हंडा भरणार एवढं कळतं आणि बरं वाटतं. मग दिवसभर ती खिडकी कोपऱ्यात उघडीच ठेवतो.

करमाडच्या सायलीच्या घरचे दिवाळीनंतर लग्नाची बैठक घेऊ म्हणतात. नोकरी पक्की आहे ना, हे मात्र तिच्या वडिलांनी जाता-जाता पुन्हा विचारून घेतलं. दाजींना नमस्कार, तनुजाला तिच्या मामातर्फे एक गोड पापा.

तुझा
सुदर्शन


बोरदरी, ता. कन्नड
१२ जुलै २०२५

सुदर्शना,

आशीर्वाद पाठवते आहे, पुरवून पुरवून वापर.

खुर्चीत बसून विहिरीशी बोलणारा आपल्या खानदानात तूच पहिला. आपले आबा तर बैलांशीसुद्धा ओरडल्याशिवाय बोलत नसत. नोकरीचं ऐकून डोळे भरून आले, पण अंगणवाडीत पोरं वरण-भातासाठी ताटल्या वाजवत होती, म्हणून रडायचं राहून गेलं.

तुझं पत्र मी मामंजींना वाचून दाखवलं. आमचे सासरे कडूबा म्हणजे गावचे पाणीवाले, तुझ्या पेटीने त्यांच्या पोटावर पाय दिलेला नाही पण मानावर दिला आहे. पेटीकडे बघतात आणि म्हणतात, “त्या डबड्याला डोळं हायेत व्हय? माणूस आत हाय का भाईर, त्याला काय दिसतंय?”

त्यांच्या बोलण्याला कारण आहे. इथली रीत अशी की विहिरीत कुणी उतरायचं झालं, तर उतरणाऱ्याने आपला रुमाल वरच्या स्टार्टरच्या मुठीला बांधायचा. रुमाल दिसला की मुठीला कुणी हात लावत नाही. बायका हंडे आपटोत की सरपंच स्वतः येवो, माणूस वर येऊन स्वतःच्या हाताने तो सोडेपर्यंत मोटार बंद. तुझे दाजी जीपच्या फेऱ्या संपल्या की मामंजींच्या मदतीला विहिरीत उतरतात, मोटार आतल्या ओट्यावर आहे ना. त्यांचा रुमाल बांधलेला असला की मीही निर्धास्त भाकरी थापते.

अद्रक बरी उगवली आहे. आत्याबाई म्हणतात, “भावाला म्हणाव, बोलून बोलून पाणी वाढंव जरा.” बघ जमलं तर.

तुझी
रत्नाताई


बोरदरी
९ ऑगस्ट २०२५

सुदर्शना,

घाटी दवाखान्यातून सुटून आम्ही घरी पोचलो. टाके सुकत आहेत. उजव्या हाताची तीन बोटं गेली ती गेलीच, अंगठा आणि करंगळी राहिली. जीप आता गावातला सांडू चालवतो. तुझे दाजी अंगणात बसून डाव्या हाताने चहा प्यायला शिकत आहेत आणि मी तिकडे बघत नाही.

दवाखान्यात तू जे केलंस ते मी विसरणार नाही. औषधं, डबे, रक्ताची पिशवी, सगळीकडे तूच धावलास. आत्याबाई अख्ख्या वॉर्डाला सांगत होत्या, “मेव्हणा असावा तं असा.” 

पण घरात जे चाललं आहे ते तुला माहीत नाही. हे दुपारी विहिरीत उतरले, आतल्या मोटारीत हात घातला होता आणि मोटार सुरू झाली. वर मुठीपाशी एकटे मामंजी होते. आरडाओरडा ऐकून माणसं धावली तेव्हा मामंजींचा हात मुठीवर होता आणि रुमाल खाली पडला होता. ते म्हणतात, मोटारीचा आवाज आला म्हणून ती बंद करायला मी मूठ ओढली, त्यात रुमाल सुटला. लोक म्हणतात, म्हाताऱ्याने आधी मूठ ओढून मोटार सुरू केली, मग आत माणूस असल्याचं त्याला आठवलं. पहिल्या दिवशी मामंजी भांडले. दुसऱ्या दिवशी गप्प झाले. आता स्वतःच म्हणतात, “मूठ वर व्हती का खाली, मला आता काय बी आठवंना गं. माझाच हात गेला आसंल.”

आत्याबाई त्यांच्याशी बोलत नाहीत. ताट सरकवतात आणि आत जातात. पंचायतीने पाण्याचं काम काढून घेतलं. मामंजी मला रोज विचारतात, आज वार कोणता? आपलं डोकं शाबूत आहे का, ते तपासतात. बाप होऊन पोराचा हात तोडला, हे त्यांनी मनाशी धरलं आहे आणि ते त्याने झिजत चालले आहेत.

तू पेटीशी बोलतोस. त्या दुपारी मोटार कशी सुरू झाली, हे तुझ्या खिडकीत दिसेल का रे? तेवढं एक बघून कळव. मला मामंजींच्या बाजूने बोलायचं आहे आणि माझ्याकडे बोलायला काही नाही.

रत्नाताई


मुकुंदवाडी
१६ ऑगस्ट २०२५

ताई,

पत्र मिळालं. कामाची गडबड आहे, थोडक्यात लिहितो.

मी बघितलं. तो प्रोग्राम छोटा आहे, ‘नोंद ठेव’ असं मुद्दाम सांगितलं नाही तर काही नोंद ठेवत नाही. पेटीतली नोंदही चार-आठ दिवसांत पुसली जाते. त्यामुळे नक्की काही सांगता येत नाही. पण पावसाळ्यात ओल धरते आणि मशीन कधी कधी आपोआप सुरू होतं, असं होऊ शकतं. मामंजींना सांग, मशीनचा दोष आहे, कुणाचाच दोष नाही. दाजींनाही तसंच सांग. हा विषय आता फार उकरू नये. झालं ते काही परत येत नाही.

दाजींना व्यायामासाठी रबरी चेंडू पाठवतो आहे. अजून काय लागेल ते सांग, मी करतो.

सुदर्शन


बोरदरी
३ सप्टेंबर २०२५

सुदर्शना,

तुझं पत्र मी चुलीपुढे सगळ्यांना वाचून दाखवलं. ‘मशीनचा दोष’ हे ऐकून मामंजी उठून उभेच राहिले. डोक्याला पटका बांधून तडक चावडीवर गेले, “माझ्या सुनंचा भाऊ तिथंच कामाला हाय, त्यानं लिहिलंय,” म्हणून चार माणसांत सांगून आले. त्या संध्याकाळी आत्याबाईंनी त्यांना हाताने भाकरी वाढली. मला वाटलं, सुटलो.

मग पंचायतीने कंपनीला अर्ज केला. तुमची माणसं आली, पेटी उघडली, तपासली आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, मशीन ठणठणीत आहे, ओल नाही, आपोआप सुरू होण्याचा प्रश्नच नाही. कुणीतरी मागून म्हणालं, “म्हातारा आता सोयऱ्याच्या नावानं बी खोटं बोलाया लागला.” लोक हसले. मामंजी तिथेच खाली बसले.

आता ते शेतातल्या खोपीत राहायला गेले आहेत. घरी येत नाहीत. तनुजा त्यांच्याकडे धावली तर मागे सरकतात, म्हणतात, “नगं पोरी, माझ्या हाताचा भरवसा नाय.” परवा तुझ्या दाजींना म्हणाले, मला शहरात नेऊन डोक्याच्या डॉक्टरला दाखव, नाहीतर दोरीने बांधून ठेव. हे तिथून उठले. घरात येऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मी अंगणवाडीत पोरांना भात वाढताना एकच विचार करते आहे. घाटीत जो जो भेटायला आला त्याने आल्या-आल्या विचारलं, कसं झालं? पाहुणे, शेजारच्या खाटेवरचे, चहावाला, सगळ्यांनी. तू एकदाही विचारलं नाहीस. तेव्हा मला वाटलं, माझा भाऊ फार हळवा आहे.

मला खरं लिही. तुझ्या आईची शपथ घालत नाही, ती माझीही आई होती. नुसतं खरं लिही.

रत्नाताई


मुकुंदवाडी
११ सप्टेंबर २०२५

ताई,

मोटार मी सुरू केली.

मुद्दाम नाही, एवढं तरी मानशील ना. त्या दिवशी दोन खिडक्या उघड्या होत्या. एक करमाडकडच्या विहिरीची, तिथे मोटार सुरू करायची होती. दुसरी बोरदरीची, नेहमीसारखी कोपऱ्यात. दोन्ही काळ्या, दोन्हीकडे तेच ठिपके, नाव फक्त वरच्या पट्टीत बारीक अक्षरात. ज्या खिडकीवर शेवटची टिचकी मारली, तिच्यातच टाइप होतं. पाणी किती आहे ते बघायला मी बोरदरीवर टिचकी मारली, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. परत येऊन बसलो, नजर करमाडवर आणि बोटं बोरदरीत. हुकूम लिहून मोकळा झालो. करमाडहून फोन आला की मोटार सुरू झाली नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं. ताबडतोब बंद केली. वाटलं, टाकीत थोडं जास्त पाणी चढलं असेल, एवढंच. मग तुझा फोन आला.

अजून एक सांगायचं आहे. पेटी बसवल्यापासून वरची मूठ बंद असली तरी पेटी मोटार सुरू करू शकते. रुमाल बांधला काय, न बांधला काय. हे गावात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मला माहीत होतं. तू रुमालाचं लिहिलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं, मी नुसता हसलो आणि पत्र घडी घालून ठेवलं. मामंजींनी काहीही केलेलं नाही. त्यांनी खरंच आवाज ऐकून मूठ ओढली असणार.

त्या खिडकीचं मला काही काम नव्हतं गं. तू तिकडे आहेस म्हणून उघडी ठेवायचो.

घाटीत दाजींच्या खाटेजवळ उभा होतो आणि आत्याबाई माझी तारीफ करत होत्या, तेव्हा धरणी दुभंगावी असं वाटत होतं. तरी तोंड उघडलं नाही. हे साहेबांना कळलं तर नोकरी त्याच दिवशी जाईल. सायलीच्या घरचं जमत आलं आहे ते मोडेल. आणि तुझं काय होईल याची जास्त भीती वाटते. दाजींचा हात त्यांच्या मेव्हण्याने घालवला, हे कळल्यावर त्या घरात तुला कोण नीट वागवेल? म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगतो. खरं किती आणि खोटं किती ते मलाही कळत नाही.

हे पत्र कुणाला वाचून दाखवू नकोस, अशी विनंती आहे. पण तू जे ठरवशील ते मला मान्य. निर्णय तुझ्यावर सोडतो.

सुदर्शन


बोरदरी
५ ऑक्टोबर २०२५

सुदर्शन,

‘निर्णय तुझ्यावर सोडतो’ असं लिहून, पाकीट चिकटवून तू मोकळा झालास. शाबास. चूक तुझी, आणि धोंडा माझ्या पदरात. दाजी माझा नवरा, मामंजी माझे सासरे, तू माझा भाऊ, आणि ठरवायचं कुणी, तर मी. ते पत्र मी अंगणवाडीत तांदळाच्या कोठीमागे लपवलं आणि घरी जाऊन भाकरी थापल्या. दुसऱ्या दिवशीही थापल्या. तुझं नाव तोंडात येईल म्हणून तनुजाशी बोलायचीसुद्धा मला भीती वाटायची. तुझा इतका राग मला जन्मात कधी आला नव्हता. आणि तू माझ्यासाठी ती खिडकी उघडी ठेवत होतास, हे आठवलं की त्या रागाचं काय करावं ते कळायचं नाही.

मग घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मामंजींची भाकरी घेऊन खोपीवर गेले. ते बांधावर बसून हाताचे पंजे उलटसुलट करून बघत होते. मला ते बघवलं नाही. पत्र काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचलं.

‘मामंजींनी काहीही केलेलं नाही’ इथे त्यांनी मला थांबवलं. “परत वाच.” परत वाचलं. “आजूक एक बार.” तिसऱ्यांदा वाचलं. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि ढसाढसा रडले, म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसे. मग भाकरी खाल्ली. हात धुतले, आणि म्हणाले, “पोरी, त्यो कागद चुलीत घाल. मी येडा नाय, हे मला कळलं, लई झालं. गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुझं म्हायेर तुटाया नगं.”

ऐकलंस का? ज्या माणसाने तुझ्यापायी दोन महिने स्वतःला अपराधी समजून काढले, तो माझं माहेर वाचवायला निघाला होता.

मी हो म्हणाले. खरंच हो म्हणाले. मामंजी माझ्याबरोबर घरी आले. दारात तनुजा खेळत होती, तिला त्यांनी उचलून घेतलं, छातीशी धरलं. तेवढ्यात आत्याबाई आतून धावत आल्या आणि त्यांच्या हातातून पोर ओढून घेतली. “पोराचा हात घेतला, आता नातीचा जीव घेता काय?”  मामंजींनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, गप्प राहा म्हणून.

माझ्याने गप्प राहवलं नाही. ओसरीत उभी राहून मी पत्र मोठ्याने वाचलं. सगळं. सायलीचंही आणि तुझ्या भीतीचंही.  मग आत्याबाईंनी मला जे बोलून घेतलं ते लिहीत नाही, ते माझ्याजवळच राहू दे. अजूनही बोलतात. मी ऐकून घेते. पण त्या संध्याकाळी त्यांनी मामंजींचं ताट केलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, “जेवा.” एवढंच. त्या माणसाने मान खाली घालून जेवण केलं.

तुझे दाजी भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतात. शेवटी म्हणाले, “त्याला लिव्ह. मला कागद नगं. लांबून बटन दाबलं तसं लांबून माफी बी नगं. हितं यायचं, माझ्यासमोर उभं ऱ्हायचं आन् बोलायचं.” रागात म्हणाले की कशात, ते मला कळलं नाही. माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. हाताला तेल मात्र माझ्याकडूनच लावून घेतात.

तर आता ऐक. दिवाळीला मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून येऊ नकोस, मी येणार नाही. त्याच्या आधी ये. अगोदर तुझ्या साहेबांकडे जा आणि तोंडाने सांग. पेट्या अजून गावोगाव आहेत आणि माणसं अजून रुमाल बांधून विहिरीत उतरत आहेत. नोकरी जाईल. सायलीच्या घरी तू स्वतः जाऊन सांग, दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस. मग कन्नडहून जीप धरून फाट्यावर उतर. जीप सांडूची असेल, तो बोलला तर ऐकून घे. फाट्यापासून वस्तीपर्यंत पायी यायचं आहे, आणि गावाला सगळं कळलं आहे. चावडीवर बसलेले लोक तुला सोडणार नाहीत. मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते. मला फाट्यावर येता येणार नाही आणि यायचंही नाही.

पण तुला गावातून एकट्याने चालत यावं लागणार नाही. येण्याचा वार तेवढा कळव. मामंजी म्हणाले आहेत, “पोरगं एकलं कसं यील? मी जातो फाट्यावर त्याला आणाया.”

रत्नमाला